सांध्यावर अडणारं इंजिन

लोकमान्य नगर, इंदूर
१९ जानेवारी

सौ. शोभना ऊर्फ शोभी हिला भानूचा मनापासून नमस्कार.

या एका ओळीला अर्धा तास लागला बघ. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तू माझ्याहून फक्त चार महिन्यांनी मोठी (आणि ते चार महिने तू चोवीस वर्षं माझ्यावर गाजवलेस). ‘चिरंजीव’ लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच फाडलं असतंस. ‘प्रिय’ लिहायला गेले तर पेन अडलं. पेन नवीन आहे, तेव्हा दोष त्याचा नाही. शेवटी ‘सौ.’ लावून मोकळी झाले. त्यात सुधाकररावांचाही मान राहतो. त्यांचा गुडघा कसा आहे? ते अजून जिना उलटे उतरतात का? तुझं बीपी, तुझी ती दुखरी दाढ आणि तुझा स्वभाव, तिन्हीची खुशाली कळव. माझी तब्येत ठीक आहे. साखर नाही, बीपी नाही, ऐकणारंही कोणी नाही, त्यामुळे तक्रार नाही.

तू म्हणशील, घरात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते? तर फोनवर आपलं काय चालतं ते तुलाही माहीत आहे. दर दिवाळीला तू मला एका दिव्याचं चित्र पाठवतेस, मी तेच चित्र तुला परत पाठवते, आणि झाली आपली दिवाळी. तेरा वर्षांत तेरा दिवे झाले. शिवाय फोनवर तू मध्येच ‘ठेवते गं, कुकर झाला’ म्हणू शकतेस. पत्राला मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

आता मुख्य बातमी. मी रेल्वे काढली आहे.

हसू नकोस. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिची कॉट खोलीत तशीच होती. देऊन टाकावी असं सगळे म्हणत होते, आणि मी ‘हो हो’ म्हणत तिच्यावर धुतलेले कपडे टाकत होते. एक दिवस कपड्यांच्या घड्या घालून झाल्या आणि रिकामी कॉट दिसली. सहा फूट बाय तीन फूट. ती मला एकदम आपल्या फॅक्टरीतल्या रेल्वे साइडिंगसारखी वाटली. लांबट, सपाट, दोन्ही बाजूंनी कोणाचीच नसलेली. दुसऱ्या दिवशी मी त्या मापाचा प्लायवूड आणला. तर सांगायचं म्हणजे, मांगल्या गावापुढची आपली चंद्रकला सोया फॅक्टरी आता माझ्याकडे आहे. मालक वारले, मॅनेजर कुठे गेला माहीत नाही, पण फॅक्टरी चालू आहे. पेंडीचं गोडाऊन आहे (गोळ्या-औषधांच्या खोक्यांचं, एका बाजूला अजून ‘जेवणानंतर घ्या’ असं वाचता येतं). वजनकाट्याची आपली केबिन आहे. तिच्या खिडकीत मातीच्या दोन बायका बसवल्यात, दोन्ही मिळून एका बोटाच्या नखाएवढ्या. हिरव्या साडीतली तू. रूळ आहेत, गाडीनं रूळ बदलायचे तीन सांधे आहेत, आठ वॅगनी आहेत. हे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. या छंदाची माणसं देशभर आहेत, फोनवर त्यांचा ग्रुप आहे, आणि त्यात मी एकटी बाई. पहिले दोन महिने सगळे मला ‘भानुमती सर’ म्हणत होते.

सगळं झालं, पण इंजिन नाही. आणि शोभी, सगळं घोडं इथेच पेंड खातं. मेल-एक्स्प्रेसची इंजिनं पाहिजे तेवढी मिळतात, पण आपल्याला पाहिजे शंटिंगचं. फॅक्टरीतल्या फॅक्टरीत वॅगनी ढकलणारं, माणसाच्या चालीनं चालणारं, चार चाकांचं, बुटकं, कुरकुरं. आणि नुसतं तसलं कुठलंही नको, आपलंच पाहिजे. मी ग्रुपवर लिहिलं की मला चंद्रकलाचं इंजिन हवंय, तर एकानं विचारलं, ‘फोटो टाका.’ मी फोटो टाकला. तुला तो आठवतो का? सत्त्याण्णव सालचा, अकाउंट्समधल्या श्रीरामने काढलेला, आपण दोघी इंजिनासमोर उभ्या. त्या फोटोत इंजिन कुठेच नाही. आपण दोघी अशा काही अंग पसरून, पदर फुलवून उभ्या आहोत की अख्खं इंजिन झाकलं गेलंय. तुझ्या खांद्यावरून एक दिवा दिसतो, बस. ग्रुपवरच्या माणसानं उत्तर दिलं, ‘मॅडम, इंजिनाचा फोटो टाका.’

मग मी आठवणीवर काम सुरू केलं. पिवळं होतं हे नक्की. केबिनला तीन खिडक्या होत्या, की दोन? धुरांडं डाव्या हाताला, की मध्ये? हॉर्न म्हशीसारखा होता, एवढंच मी छातीठोक सांगू शकते. एवढ्या माहितीवर मी बाजारात उतरले, आणि मग माझी जी फजिती झाली ती क्रमानं सांगते.

पहिली सियागंजच्या बाजारात. कोणीतरी म्हणालं की तिथे खेळण्यांचे ठोकवाले आहेत, सगळं मिळतं. गेले. दुकानदारानं वरून एक डबा काढला. आत इंजिन, पिवळं, चार चाकांचं, बुटकं. मला तर भरूनच आलं. मी म्हटलं, ‘भिया, हे द्या.’ तो म्हणाला, ‘आंटीजी, एक नी मिलेगा, दर्जन लेना पड़ेगा.’ मी खूप समजावलं की माझी फॅक्टरी छोटी आहे. तो म्हणाला, ‘फॅक्टरी है तो फिर दर्जन में क्या दिक्कत?’ या युक्तिवादापुढे माझं काही चाललं नाही. घरी येऊन डबा उघडला, सेल घातले, आणि इंजिनाने डोळे उघडले. खरोखर डोळे, पापण्यांसकट. मग ते गाणं म्हणत, लाल-निळे दिवे लावत माझ्या गोडाऊनवर चालून गेलं, भिंतीला आपटलं आणि वळून परत माझ्याकडे आलं. तेही रुळाशिवाय. बाराही तसलीच. शेवटी बिल्डिंगमध्ये घरटी एक वाटली, आणि आता दुपारी चार वाजता चारी मजल्यांवरून तेच गाणं येतं. खालच्या लक्ष्मीबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरी फजिती परदेशी. ग्रुपवरच्या एका सज्जनांनी खात्री दिली की शंटिंगचं म्हणजे अमेरिकन इंजिन घ्या, तिकडे फॅक्टऱ्यांत हेच चालतं, बघायला अगदी अस्सल. मागवलं. होतंही अस्सल, शोभी. कठडे, पायऱ्या, बारीक बारीक जाळ्या, बघतच राहावं. पण अमेरिका मोठा देश आहे आणि कॉट तीन फुटांची. ते आठ चाकांचं धूड माझ्या वळणावर आलं की चाकं रुळांवर वळायची आणि नाक सरळच जायचं. त्या नाकानं आपली वजनकाट्याची केबिन उडवली. मी बसल्या जागी राहिले, तू नाहीशी झालीस. दोन दिवस सापडली नाहीस. तिसऱ्या दिवशी झाडू मारताना कॉटखाली मिळालीस, हिरव्या साडीला केस लागलेले. मी तुला फुंकर मारली आणि परत खिडकीत बसवलं. (तू जागेवर नसताना दोन दिवस गाडी चालवली नाही, हे सहज सांगते. काही विशेष नाही.) इंजिन त्या सज्जनांनाच पाठवलं, त्यांचं वळण मोठं आहे म्हणे.

तिसऱ्या फजितीत भूषण सरनाईक येतो. हा माझा वरचा भाडेकरू, जळगावचा, राऊला एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. मुलगा भला आहे, पण मराठी अशी बोलतो की मला माझीच मराठी हिंदी वाटायला लागते. मी ‘नळ चालू कर’ म्हटलं की तो ‘सुरू’ करतो. त्याच्या कॉलेजात म्हणे असं मशीन आहे की चित्र दिलं की प्लास्टिकची वस्तू छापून देतं. मी बसून आपल्या इंजिनाचं चित्र काढलं, तीन खिडक्यांचं, आणि बाजूला लांबी लिहिली, वीस. वीस म्हणजे वीस फूट, कोणालाही कळेल. आठवड्यानं भूषण आला, हातात अंगठीची डबी. मी दचकलेच. डबी उघडून म्हणाला, ‘काकू, एककांत किंचित घोळ झालाय.’ मशीनने वीस इंच धरले होते, आणि त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा छापला होता. कापसावर तुरीच्या डाळीएवढं इंजिन बसलं होतं. भिंग लावल्यावर तीन खिडक्या दिसल्या, खोटं कशाला बोलू. आम्ही दोघं वाकून बघत होतो तेवढ्यात मला शिंक आली. मग तेही गेलं.

तेव्हा मी ठरवलं की आता अंदाज पुरे. ज्यानं ते इंजिन चालवलं त्यालाच विचारायचं. चिंतामण ड्रायव्हर.

डिसेंबरात एका बुधवारी सांवेरची बस धरली. तिथून पुढे एका मोटरसायकलवाल्याने बसवून नेलं (मला, या वयात, एका बाजूला पाय सोडून, आई असती तर बोलली असती). चिंतामणजी शेतात गव्हाला पाणी देत होते. सत्तरी ओलांडली, पण मिशी तशीच. मला बघून पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? ‘मैडमजी, वजन में फरक आ गया क्या?’ तेरा वर्षांनी! बांधावर खाट टाकली, सुनेने चहा आणला, आणि मी आपला प्रश्न विचारला, की आपलं इंजिन नक्की कसं होतं.

ते म्हणाले, ‘कौन सा वाला?’

मी म्हटलं, ‘कौन सा म्हणजे? आपलं. पिवळं.’

‘पिवला तो आखरी वाला था. अपने यहाँ तो तीन थे, मैडमजी.’

शोभी, तीन! चोवीस वर्षं आपण खिडकीतून एकच इंजिन बघत होतो, आणि ती तीन होती. पहिलं हिरवं, तीन खिडक्यांचं, ते चौऱ्याण्णवला मोडीत गेलं. मग एका साखर कारखान्यातून आलेलं जुनं, गेरूच्या रंगाचं, दोन खिडक्यांचं. ते पाच वर्षं टिकलं. मग पिवळं, शेवटपर्यंत. मी माझ्या मनात पहिल्याच्या खिडक्या, तिसऱ्याचा रंग आणि दुसऱ्याचा हॉर्न एकत्र करून एक इंजिन बनवलं होतं, आणि ते शोधत अख्खं इंदूर पालथं घातलं होतं. असं इंजिन जगात कधी नव्हतंच. मी विचारलं, आम्हा दोघींना कळलं कसं नाही? तर म्हणाले, ‘आप दोनों तो बातें करती थीं.’

मी फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, उलटा करून पाठीमागे बघितलं. ‘इसमें इंजिन किधर है?’ मी तो खांद्यावरचा दिवा दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. ‘ये बीच वाला है. इसका डावा दिया जलता नी था. मैडमजी, ये सबसे खराब था. सांधे पे आया कि बंद. झटका लगता था, डीजल की नली में हवा भर जाती थी. आप लोगों को लेके भी तो बंद पड़ा था, याद है?’

याद है का विचारतात! सोयाबीनची आवक जोरात होती, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता असा भरला होता की बस फॅक्टरीपर्यंत आलीच नाही, आणि चिंतामणजी म्हणाले, चला, इंजिनावरून स्टेशनपर्यंत सोडतो. तू साडी खोचून माझ्या आधी चढलीस. हॉर्नची दोरी तू ओढलीस (आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरला माझं नाव सांगितलंस). मग बरोब्बर मधल्या सांध्यावर ते बंद पडलं. चिंतामणजी पाना घेऊन खाली उतरले, आणि आपण दोघी पाऊण तास केबिनमध्ये. तुझ्या डब्यातल्या पुऱ्या संपवल्या. मग तू बोलता बोलता माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस, तोंड उघडं टाकून. माझ्या हाताला मुंग्या आल्या. मग हात आहे की नाही तेच कळेना. पण हलवला नाही. दोन्ही बाजूंना कापलेलं सोयाबीन होतं, ऊन उतरत होतं, आणि मी देवाला म्हणत होते की चिंतामणजींना पाना सापडू नको देऊ. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, ‘मग उठवायचं नाही का मला, मूर्ख.’

तर मी चिंतामणजींना म्हटलं, मला हेच बीचवालं पाहिजे, याचा नंबर, कंपनी, साल, सगळं सांगा. ते म्हणाले, ‘उसकी पीतल की प्लेट थी, सब उसी पे लिखा था. मैंने निकाल के रखी थी. पर वो तो दूसरी मैडमजी ले गईं.’

मी म्हटलं, दूसरी कोण?

‘अपनी शोभना मैडम. कार्तिक में आई थीं ना.’

शोभी, मी चहा पीत होते. कप रिकामा होता, तरी मी पीत राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. तू भाचीच्या लग्नाला इंदूरला आली होतीस. रिक्षा करून फॅक्टरीवर गेलीस, वॉचमनने आत सोडलं नाही, तर कुंपणाबाहेर उरलेल्या रुळाच्या तुकड्यावर अर्धा तास बसलीस. मग चिंतामणजींचं घर शोधत आलीस. त्यांनी तुला प्लेट दिली. (तुला प्लेट आणि मला चहा. नोंद घेतली आहे.) मी त्यांना विचारलं, माझं काही विचारलं का? म्हणाले, ‘पूछा था. बोलीं, भानू कैसी है? मैंने कहा मेरेको क्या मालूम, आप इंदौर से आ रही हो, आपको मालूम होना.’

परतीच्या बसमध्ये मला आधी तुझा खूप राग आला. मांगल्यापर्यंत पुरला. लोकमान्य नगरपासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर लग्नाचं कार्यालय असेल, आणि बाई सांवेरला जाऊन येते पण माझ्याकडे येत नाही! मग मांगल्याच्या फाटकाला बस थांबली, मालगाडी जात होती, आणि तिचे डबे मोजायला लागले तर राग बारगळला. कारण तू का आली नाहीस हे मला चांगलं माहीत आहे. ते लिहिल्याशिवाय या पत्राला काही अर्थ नाही.

फॅक्टरी बंद झाली तेव्हा नागपूरच्या ऑफिसात एकच जागा होती. मॅनेजर म्हणाला, तुम्ही दोघी आपसात ठरवा. मी म्हटलं, तू जा. तू म्हणालीस, नाही, तू जा. मी परत म्हटलं, तू जा, माझी आई आहे. तू परत नाही म्हणालीस. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, तू जा, आणि तू म्हणालीस, ‘बरं.’ त्या ‘बरं’चा मला एवढा राग आला शोभी, की आजही तो शब्द कोणी म्हटला की माझं जेवण अडतं. मी तीन वेळा ‘जा’ म्हटलं, आणि तू गेलीस म्हणून रागावले. मला वाटत होतं, तू चौथ्यांदा नाही म्हणशील, आणि मी चौथ्यांदा जा म्हणेन, आणि असंच आपलं रिटायर होईपर्यंत चालेल. आणि तू निघालीस त्या दिवशी मी स्टेशनवर आले नाही, ‘आईला ताप आहे’ असा निरोप धाडला. आईला ताप नव्हता. आई ठणठणीत होती. तिने दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि मला म्हणाली, ‘शोभीला पोचवायला नाही गेलीस? ती खिडकीतून बघत असेल गं.’ नंतरही तिने बरेचदा विचारलं. मी दर वेळी तिला काहीतरी काम सांगायचे. तुलाही कोणीतरी तेव्हाच सांगितलं असेल की भानूची आई बाजारात भाजी घेताना दिसली. इंदूरचे लोक अशा गोष्टी नागपूरपर्यंत पोचवल्याशिवाय थोडेच राहतात.

असो. इंजिनाकडे येते.

बीचवालं म्हटल्यावर शोध सोपा झाला. ग्रुपवर लिहिलं: दोन खिडक्या, चार चाकं, चाकांना बाहेरून दांडा, लांबीला आखूड. बडोद्याच्या एका वृद्ध गृहस्थांकडे जुनं जर्मन बनावटीचं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे आधीच कळवलं की एक दोष आहे, चाकं चारच असल्यामुळे सांध्यावर त्याला करंट नीट मिळत नाही, तिथे अडतं, बोटानं ढकलावं लागतं. सहा चाकांचं घ्या, ते अडत नाही. मी लिहिलं, हेच पाठवा. आलं. गेरूचा रंग मीच दिला, डावा दिवा काळा केला. रविवारी पहिल्यांदा चालवलं. गोडाऊनपासून निघालं, कुरकुरत, माणसाच्या चालीनं, दोन वॅगनी ओढत, आपल्या केबिनसमोरून गेलं आणि मधल्या सांध्यावर बंद. भूषण हळहळला. म्हणाला, ‘काकू, फसवलं तुम्हाला. मी सोल्डरिंग करून देतो, मग कधीच अडणार नाही.’ मी त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली. त्याला वाटलं मी रडतेय. त्याने खाली जाऊन लक्ष्मीबाईंना बोलावून आणलं, त्या निमित्तानं त्या पुन्हा बोलायला लागल्या, हा एक फायदा.

आता तुझ्याकडे काम एवढंच. इंजिन अस्सल व्हायला फक्त प्लेट बाकी आहे. ती तुझ्याकडे आहे. तिच्यावरचा नंबर, साल आणि कारखान्याचं नाव एका पोस्टकार्डावर उतरवून पाठव. अक्षरं वाचता येत नसतील तर चिंच लावून घास, पण जपून. पोस्टकार्ड मिळत नसेल तर फोनवर पाठवलंस तरी चालेल, फक्त दिव्याचं चित्र नको.

सुधाकररावांना नमस्कार सांग. तुमच्या दोघांच्या तब्येती सांभाळा. जास्त लिहिणार होते पण कागद संपत आला आणि जे लिहायचं होतं ते मध्येच कुठेतरी लिहून झालंय.

तुझी,
भानू

ता. क. प्लेटवरचं काही पाठवू नकोस. चिंतामणजींना नंबर तोंडपाठ होता, त्यांनी बांधावरच सांगितला आणि मी तो लिहूनही टाकला इंजिनावर. मला वाटलं, पत्राला काहीतरी कारण असलेलं बरं.

ता. क. दुसरा. ‘बरं’ हा शब्द वरच्या ओळीत माझ्याच हातून गेला. खोडला नाही. सवय करतेय.

ता. क. तिसरा, आणि हा खरा. १२ फेब्रुवारीला, गुरुवारी सकाळी, माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदूचं. घाबरण्यासारखं काही नाही, त्याच दिवशी घरी सोडतात. पण एकटीला घेत नाहीत, सोबत कोणीतरी लागतंच. परवा फॉर्म भरायला गेले तेव्हा काउंटरवरच्या पलक नावाच्या मुलीने विचारलं, ‘आंटी, साथ में कौन आएगा?’ मी भूषणचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तुझं सांगितलं. तिने लिहिलंही. मग म्हणाली, रिश्ता क्या लिखूँ? मी विचार करत उभी राहिले. मागे रांग होती, एक काका खोकायला लागले. बहीण लिहावं तर आडनाव वेगळं, आणि मैत्रीण तेरा वर्षांत एकदा तरी येते. शेवटी मी म्हटलं, बेटा, ती जागा रिकामी ठेव. ती आली की तिलाच विचार.